‘माही-ये सियाह-ए कूचूलू’मधील आजी : कथनाची चौकट आणि व्याकरणिक लिंग

१

प्राणिकथांमध्ये लहान जिवाला शहाणपण देणारे एखादे वडीलधारे पात्र बहुधा असतेच. त्याचे कार्य सामान्यतः दोन प्रकारचे असते. एक तर ते त्या जिवाला धोक्याची सूचना देते, किंवा त्याला त्याच्या कुळाची ओळख पटवून देते. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात सिंहिणीने आपल्या छाव्यांबरोबर वाढविलेल्या कोल्ह्याच्या पिल्लाची कथा आहे. हत्ती दिसताच ते पिल्लू कच खाते. तेव्हा सिंहीण त्याला एकांतात त्याच्या जन्माची हकीकत सांगते आणि छाव्यांना खरा प्रकार कळण्यापूर्वी आपल्या जातीत निघून जाण्यास सुचविते. मेंढरांत वाढलेल्या सिंहाची जी कथा विवेकानंदांच्या व्याख्यानांमुळे सर्वपरिचित झाली, तिची दिशा याच्या नेमकी उलट आहे. तेथे दुसरा सिंह त्याला पाण्यातील प्रतिबिंब दाखवितो आणि त्याच्या कंठातून गर्जना फुटते. दिशा भिन्न असली तरी दोन्ही कथांचे गृहीत एकच आहे. स्वतःला ओळखणे म्हणजे आपला जन्म कोणत्या जातीत झाला हे ओळखणे होय, आणि ती ओळख देण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा आहे, असे ते गृहीत होय.

इराणी लेखक समद बेहरंगी (१९३९–१९६८) याच्या ‘माही-ये सियाह-ए कूचूलू’, म्हणजे ‘छोटा काळा मासा’, या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या कथेतील आजी यांपैकी काहीच करीत नाही. ती धोक्याची सूचना देत नाही, कुळ सांगत नाही, उपदेशही करीत नाही. ती केवळ एक गोष्ट सांगते आणि झोपी जाते. तरीही ती गोष्ट ऐकून एक पिल्लू रात्रभर जागे राहते. या कथेवर झालेली बरीचशी चर्चा काळ्या माशाच्या प्रवासाभोवती आणि त्याच्या राजकीय अर्थाभोवती फिरते. आजीकडे मात्र चौकटीतील एक शोभेचे पात्र म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विवेचनात आजीलाच केंद्रस्थानी ठेवून दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ही आजी कोण, हा पहिला. आणि या प्रश्नाचे उत्तर मराठी अनुवादकाच्या हातून नकळत बिघडण्याचा संभव का आहे, हा दुसरा.

विवेचनापुरता काळ्या माशासाठी ‘मासोळी’ हा स्त्रीलिंगी शब्द योजिला आहे. या निवडीची कारणे व तिच्यातील दोष चौथ्या भागात येतील.

२

बेहरंगी हा तब्रीझचा. त्याची मातृभाषा आझरबैजानी तुर्की होती आणि तो त्या प्रांतातील खेड्यांमध्ये शिक्षक होता. शाळेत शिकवावयाची भाषा मात्र फारसी. घरी एक भाषा आणि पाठ्यपुस्तकात दुसरी, शिवाय त्या पाठ्यपुस्तकातील जग शहरी सुखवस्तू घरांचे, ही खेड्यातील मुलांची अडचण त्याने जवळून पाहिली होती आणि शिक्षणविषयक लेखांमधून ती परखडपणे मांडली होती. बेहरूझ देहकानी या मित्राच्या साहाय्याने त्याने आझरबैजानी लोककथांचे संकलन केले. ‘माही-ये सियाह-ए कूचूलू’चे प्रकाशन बाल व किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी राणी फराह पहलवी यांच्या आश्रयाखाली चाललेल्या संस्थेने केले. फरशीद मेस्काली यांनी तिच्यासाठी चित्रे काढली. त्यांना १९७४ साली चित्रकारांसाठी असलेले हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळाले. पुस्तक निघाले त्याच वर्षी बेहरंगी अरास नदीत बुडून मरण पावला. मृत्यूविषयी लगेच प्रवाद उठले, कथेतील मासोळीचा अंत आणि लेखकाचा अंत यांची सांगड घातली गेली, आणि राजसत्तेच्या विरोधकांनी या कथेला रूपक म्हणून स्वीकारले.

हे रूपक निराधार नाही. पण रूपकाच्या वाचनात कथेचे मुख्य पात्र लढणारे, आणि म्हणून तरुण, ठरते. मग आजी आणि तिची बारा हजार पिल्ले यांचे प्रयोजन उरत नाही. कथा एवढी आटोपशीर असता लेखकाने चौकटीचा खटाटोप का केला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

३

कथेचा आरंभ चिल्ल्याच्या रात्री होतो. ही हिवाळ्यातील सर्वांत दीर्घ रात्र. त्या रात्री इराणी कुटुंबे वडीलधाऱ्यांच्या भोवती जमतात आणि गोष्टी ऐकतात. समुद्राच्या तळाशी एका वृद्ध माशाने आपली बारा हजार मुले-नातवंडे भोवती जमविली आहेत. फारसी लोककथेच्या ठराविक मंगलाचरणाने गोष्ट सुरू होते. एका ओढ्यात, शेवाळलेल्या काळ्या खडकाच्या आड, एक काळी मासोळी आईबरोबर राहते. आईने घातलेल्या दहा हजार अंड्यांतून वाचलेली ती एकुलती एक. ओढा कोठे संपतो हे पाहण्याची तिला इच्छा होते. आई समजावते, शेजारी धमकावतात. तिचा मित्र असलेला शंखगोगलगाय यापूर्वीच अशा विचारांपायी जिवाला मुकलेला असतो. समवयस्क मित्र तिला धबधब्यापर्यंत पोचवितात आणि ती उडी घेते.

या पूर्वार्धात वार्धक्याचा विचार मासोळीच्या मनात आधीपासून आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ओढ्यातील म्हातारे मासे आयुष्य वाया गेल्याची तक्रार करतात, सतत कुरकुरतात; आपणही एवढ्याशा जागेत येरझारा घालून म्हातारे व्हावयाचे काय, असा तिचा सवाल आहे. आई छाती पिटून रडते तेव्हा ती तिला सांगते, की रडावयाचे तर माझ्यासाठी नव्हे, या असहाय म्हाताऱ्यांसाठी रड. फारसीत या म्हाताऱ्या माशांना लागलेले ‘पीर’ हे विशेषण आणि चौकटीत गोष्ट सांगणाऱ्या आजीला निवेदकाने लावलेले विशेषण एकच आहे. ‘मादर-बोजोर्ग’ म्हणजे आजी हा शब्द मुलांच्या तोंडी येतो आणि निवेदक तो शेवटी उचलतो. तोवर ती ‘माही-ये पीर’, वृद्ध मासाच, असते. तेव्हा लेखकाने वार्धक्याची दोन चित्रे शेजारी ठेवली आहेत. एक वार्धक्य तक्रारीचे, दुसरे कथनाचे. पहिले ओढ्याच्या मुखाशी अडकलेले, दुसरे समुद्राच्या तळाशी पोचलेले.

स्वतःच्या स्वीकाराचा प्रश्न धबधब्याखालील डबक्यात उपस्थित होतो. तेथील बेडूकमाशांना आपल्या रूपाचा आणि कुलीनतेचा गर्व आहे. ते मासोळीला कुरूप ठरवितात. या प्रसंगी मासोळीने आपल्या काळेपणाचे समर्थन केले असते, किंवा काळा रंगही सुंदर असतो असा युक्तिवाद केला असता, तर कथा सामान्य बोधकथेच्या पातळीवर आली असती. मासोळी तसे करीत नाही. तुम्ही अज्ञानाने बोलता म्हणून क्षमा करते, एवढे म्हणून ती विषय बदलते आणि डबक्याबाहेरच्या जगाविषयी बोलू लागते. बेडकीण मध्ये पडते आणि आपल्या दीर्घ आयुष्याचा दाखला देऊन जग म्हणजे हे डबकेच असे बजावते. अशी शंभर आयुष्ये जगलीस तरी अज्ञानीच राहशील, हे मासोळीचे उत्तर आहे. संस्कृत ‘कूपमंडूक’ न्यायाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे ओळखीची खूण पटेल. पण न्यायातील बेडूक अज्ञानाचे केवळ उदाहरण असतो. येथील बेडकीण आई आहे, आणि ती आपले अज्ञान पुढच्या पिढीला वारसा म्हणून देत आहे. दीर्घायुष्य हे ज्ञानाचे प्रमाण नव्हे, हा मासोळीचा सिद्धांत आहे. मग हा सिद्धांत एका दीर्घायुषी मुखातूनच सांगितला जावा, यातील विरोधाभास लेखकाला अभिप्रेत असलाच पाहिजे.

पंचतंत्राशी या कथेचे नाते केवळ कल्पनेचे नाही. सहाव्या शतकात सासानी राजवटीत पंचतंत्राचा पहलवी अनुवाद झाला आणि ‘कलीला व दिम्ना’च्या रूपाने तो ग्रंथ फारसी वाङ्मयात स्थिरावला. जाळ्यासह उडून जाणाऱ्या कबुतरांची कथा त्यातलीच. बेहरंगीच्या कथेत समुद्रातील माशांचा थवा कोळ्याचे जाळे तळाशी ओढून नेतो. हे थेट ऋण आहे असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु भेद बोलका आहे. कबुतरांना युक्ती सांगणारा राजा चित्रग्रीव आहे. माशांच्या थव्याला राजा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. समुद्रात पोचलेल्या मासोळीला मासे खाणारा एक पक्षी गिळतो. पक्ष्याच्या पोटात तिला रडण्याचा आवाज येतो. तेथे एक अगदी बारीक मासा कोपऱ्यात अंग आखडून आईसाठी रडत असतो. मासोळी त्याला सांगते, की मी वळवळून पक्ष्याला गुदगुल्या करीन, तो हसण्यासाठी चोच उघडील, त्या क्षणी तू बाहेर उडी घे. तो बारीक मासा विचारतो, आणि तू? मासोळी म्हणते, माझी काळजी नको, याला मारल्यावाचून मी बाहेर येणार नाही. बारीक मासा सुटतो. त्यानंतर निवेदनाचा दृष्टिबिंदू बदलतो. एवढा वेळ आपण मासोळीबरोबर होतो; आता बारीक माशाबरोबर पाण्यात थांबून वर पाहतो. पक्षी तडफडतो, ओरडतो, पाण्यात कोसळतो आणि निश्चल होतो. मासोळीची मात्र वार्ता नाही, आणि आजतागायत नाही.

‘आजतागायत’ हा क्रियाविशेषणाचा प्रयोग व्याकरणदृष्ट्या महत्त्वाचा आहे. मूळ फारसीत येथे साध्या भूतकाळावरून पूर्ण वर्तमानाकडे संक्रमण होते. घटनेचा काळ आणि सांगणारीचा काळ या एका वाक्यात जोडले जातात. लोककथेचा निवेदक सहसा घटनेपासून अलिप्त असतो. ‘एके काळी’ म्हटले की तो त्या काळाबाहेर उभा राहतो. येथे मात्र सांगणारी अजून वार्तेची वाट पाहत आहे.

पुढे चौकट परत येते. मुले विचारतात, आजी, त्या बारीक माशाचे काय झाले ते तू सांगितले नाहीस. आजी म्हणते, ते उद्या रात्री. मुलांना मासोळीचे काय झाले हा प्रश्न पडत नाही. ते नेमके सुटलेल्या जिवाविषयी विचारतात, आणि आजी नेमके तेच उत्तर टाळते. या साऱ्या खुणा एकत्र केल्या असता एक तर्क संभवतो. पक्ष्याच्या पोटातून बाहेर पडलेला तो बारीक मासा म्हणजेच ही आजी असावी. शेवटच्या प्रसंगाचा जिवंत साक्षीदार तेवढाच होता.

या तर्काला आक्षेप घेता येतो. मासोळीचे आणि चंद्राचे रात्रीचे संभाषण, सरड्याने काट्याचा खंजीर दिल्याचा प्रसंग, पेलिकनच्या चोचीखालच्या पिशवीतील झटापट, यांपैकी कशाचाही साक्षीदार तो बारीक मासा नव्हता. मग एकट्या शेवटच्या प्रसंगासाठी साक्षीदार मागणे न्याय्य नव्हे. हा आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे तर्काला सिद्धीचे स्वरूप येत नाही. तथापि पेलिकनच्या प्रसंगाचा दाखला तर्काच्या बाजूनेही देता येतो. त्या पिशवीत मासोळीबरोबर जे मासे अडकतात तेही ‘रीझे’ म्हणजे बारीकच. सुटकेच्या आशेने ते मासोळीचा गळा दाबावयास तयार होतात, आणि पेलिकन त्यांनाच गिळून टाकतो. शेवटी पक्ष्याच्या पोटात पुन्हा तोच ‘रीझे’ शब्द येतो. पण हा बारीक मासा स्वतःची सुटका दिसत असताना ‘आणि तू?’ असे विचारतो. स्वतःपलीकडे पाहण्याचा हा पहिला क्षण आहे. जगावयाचे तर आपल्या जगण्या-मरण्याचा दुसऱ्यांच्या जीवनावर काय परिणाम होतो हेच महत्त्वाचे, असा विचार मासोळीने थोड्या वेळापूर्वीच केलेला असतो. तो परिणाम एखाद्या पात्रात दिसावयाचा तर या बारीक माशातच दिसला पाहिजे. कथा त्याचे भविष्य सांगत नाही. ते सांगण्यासाठी चौकटीत एक वृद्ध मासा बसविते.

४

या तर्काची शक्यता मूळ भाषेच्या एका वैशिष्ट्यावर अवलंबून आहे. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. नामाला लिंग नाही, विशेषणाला नाही, क्रियापदाला नाही; तृतीय पुरुषाचे ‘ऊ’ हे सर्वनामही लिंगनिरपेक्ष आहे. बेहरंगीच्या मातृभाषेचीही स्थिती हीच. त्यामुळे काळा मासा नर की मादी, बारीक मासा नर की मादी, हे कथा सांगत नाही आणि वाचकाला त्याची उणीवही भासत नाही. आजी मात्र ‘मादर-बोजोर्ग’, शब्दशः ‘थोर माता’, असल्यामुळे निश्चितपणे स्त्री आहे. बारीक माशाचे लिंग अनुक्त आहे म्हणूनच तो पुढे आजी होऊ शकतो.

मराठीत ही मोकळीक नाही. ‘मासा’ म्हटले की तो ‘गेला’, ‘रडला’, ‘सुटला’. आणि मग तो कोणाचीही आजी होऊ शकत नाही. केवळ क्रियापदाच्या प्रत्ययाने कथेतील एक द्वार बंद होते, आणि ते बंद झाल्याचे अनुवादकाच्या किंवा वाचकाच्या ध्यानीही येत नाही. हिंदी अनुवादकाची अडचण याहून वाढते, कारण त्याला आजीसाठी ‘दादी’ आणि ‘नानी’ यांतूनही निवड करावी लागेल. मराठी ‘आजी’ या बाबतीत ‘मादर-बोजोर्ग’इतकीच उदार आहे. आईची आई आणि वडिलांची आई या दोघींसाठी शब्द एकच.

मराठीपुढे तीन पर्याय संभवतात. ‘मासळी’ हा पहिला. पण त्या शब्दाला बाजाराचा वास आहे, तो जिवंत प्राण्याहून विक्रीच्या मालाचा बोध अधिक करून देतो. दुसरा ‘मासोळी’. लहानपणा दाखविण्यासाठी मराठी पुष्कळदा स्त्रीलिंगाचा आश्रय करते. गोळा आणि गोळी, सुरा आणि सुरी, लोटा आणि लोटी या जोड्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यामुळे ‘कूचूलू’ या घरगुती विशेषणातील लाडिक लहानपण ‘मासोळी’त आपोआप येते. दोष दोन आहेत. एक असा, की फारसीत लहानपण हे विशेषण म्हणून बाहेरून लावलेले आहे. येथे ते जणू प्रकृतीतच मुरते. दुसरा अधिक गंभीर आहे. संतवाणीने ‘मासोळी’ला पाण्यावाचून तळमळणाऱ्या जिवाची उपमा करून टाकले आहे. मराठी कानाला त्या शब्दात अगतिकता, आश्रयाची ओढ, वियोगाचे दुःख ऐकू येते. स्वेच्छेने ओढा सोडणाऱ्या जिवाला हे नाव देणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याला परंपरेचे ओझे बांधणे होय. तरीसुद्धा हे ओझे सर्वथा निरुपयोगी नाही. ज्या शब्दाकडून वाचक तळमळीची अपेक्षा करतो, त्याच शब्दाने धबधब्यावरून उडी घेतली, तर त्या उडीची उंची मराठी वाचकाला अधिक जाणवेल.

तिसरा पर्याय नपुंसकलिंगाचा. फारसीत नसलेली ही सोय मराठीपाशी आहे. मराठीत लहान जीव बहुधा नपुंसकलिंगी असतात. वासरू, कोकरू, करडू, पाडस, लेकरू, पिल्लू हे सर्व ‘ते’. मोठे झाल्यावरच त्यांना लिंग प्राप्त होते. वासराची गाय होते किंवा बैल, करडाची शेळी होते किंवा बोकड. म्हणजे मराठीत नपुंसकलिंग हा जीवदशेचा एक टप्पा आहे, परावलंबनाचा टप्पा. काळ्या मासोळीला ‘पिल्लू’ म्हणणे म्हणूनच अयोग्य ठरेल. ती शेवटपर्यंत ‘कूचूलू’ राहते खरी, पण परावलंबी राहत नाही. पक्ष्याच्या पोटात आईसाठी रडणाऱ्या जिवाला मात्र ‘एक बारीकसे पिल्लू’ हेच नाव यथार्थ होईल. ते रडले, त्याने विचारले, ते सुटले. ‘ते’ उद्या आजी होऊ शकते, आणि कदाचित होणारही नाही. मूळ कथेने जे द्वार किलकिले ठेवले आहे, ते मराठीतही तसेच राहील. अनुवादकाने काळ्या माशासाठी स्त्रीलिंग आणि बारीक माशासाठी नपुंसकलिंग योजावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

५

शेवटी चौकटीतील अखेरच्या वाक्यांचा विचार अवश्य आहे. अकरा हजार नऊशे नव्याण्णव छोटे मासे निरोप घेऊन झोपतात. आजीलाही झोप लागते. एक छोटा लाल मासा तेवढा रात्रभर समुद्राचा विचार करीत जागा राहतो. येथे एक विसंगती उघड दिसते. आजीची सभा समुद्राच्याच तळाशी भरली आहे. मग लाल मासा कोणत्या समुद्राचा विचार करतो?

याला लेखकाचा अनवधानदोष म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या लेखकाने दहा हजार अंड्यांतील एक आणि बारा हजार श्रोत्यांतील एक असे दोन आकडे कथेच्या दोन टोकांना ठेवले, त्याच्याकडून पहिल्या आणि शेवटच्या वाक्यांतील स्थळ नजरेआड झाले असेल, हे पटत नाही. अधिक ग्राह्य अर्थ असा, की समुद्रात जन्मलेल्यालाही समुद्र आपोआप लाभत नाही. काळ्या मासोळीने जो समुद्र चालून मिळविला, तो तिच्या नंतरच्या पिढीला घर म्हणून मिळाला. आणि घर होताच त्याचा ओढा झाला. बेडकिणीला डबके जेवढे पूर्ण वाटत होते, तेवढाच झोपी गेलेल्या अकरा हजारांना समुद्रतळ पूर्ण वाटत आहे. स्वातंत्र्य वारशाने देता येत नाही, हे आजी जाणते. म्हणून ती वारसा देत नाही, गोष्ट देते. आणि गोष्टही अर्धवट ठेवते. आपल्या मराठी कहाणीची सांगता सुफळ संपूर्णतेच्या आश्वासनाने होते. ऐकणाऱ्याला फळ ऐकण्यानेच मिळते. बेहरंगीची आजी असे आश्वासन देत नाही. ऐकून अकरा हजार नऊशे नव्याण्णव जणांना झोप लागते, हे सत्य ती कथा लपवीत नाही.

वडीलधाऱ्यांनी लहानांना स्वतंत्र कसे करावे, या प्रश्नाला कथेने दिलेले उत्तर यावरून स्पष्ट होते. सिंहीण जात सांगते, वडील सिंह प्रतिबिंब दाखवितो, बेडकीण सीमा आखून देते. आजी यांतले काही करीत नाही. ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगते, तीत स्वतःचा भाग असल्यास तो उद्यावर ठेवते, आणि झोपी जाते. लाल माशाला तिने उद्देशून एक शब्दही म्हटलेला नाही. तो जागा आहे हेही तिला ठाऊक नाही. त्याचे जागरण म्हणूनच सर्वस्वी त्याचे स्वतःचे आहे.